बियाचं टमाटं

टोमॅटो अजून हिरवेच होते, तरी सुकन्याबाईंनी पोरांना ते तोडायला सांगितलं.

दुसरीची पोरं गोंधळली. लाल झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं. पिकल्या फळातलं बी राखेत चोळून वाळवायचं, वाफ्यात रोप टाकायचं, ऊन उतरल्यावर लावायचं, झाड वाकलं की तुराटीचा आधार द्यायचा, हेही बाईंनीच. आणि आता पिकायची वेळ आली तर म्हणतात, तोडा.

"लाल व्हायची वाट बघितली तर आपल्याला एकही मिळणार नाही," बाई म्हणाल्या.

वाफ्याच्या कडेला दोन रिकामे कॅरेट होते. हेडमास्तर भागवत सरांनी सकाळीच आणून ठेवलेले. सर पाहणीच्या साहेबांना आणायला चाकूरला गेले होते आणि जाताना बजावून गेले होते, माल भरून ठेवा, साहेबांच्या घरी गेल्यावर आपोआप पिकेल. मागच्या खेपेला पोरांनी लावलेली वांगी अशीच जीपमधून गेली. पोरांच्या बोटांत काटे तेवढे राहिले. तेव्हा बाई नवीन होत्या, गप्प बसल्या. आज मात्र त्यांचं डोकं फिरलं होतं.

पोरांनी ओटीत भरभरून हिरवी फळं आणली. शिवानीच्या झाडावर बुडाशी एकच फळ लाल झालं होतं. त्याच्या देठाला चिंधी बांधलेली होती. चिंधीचं फळ बियाचं, त्याला घरचंसुद्धा कुणी हात लावत नाही. हे तेवढं त्या गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

खिचडी शिजवणाऱ्या नागम्माने एकदाच विचारलं, सर काय म्हणतील. माझं नाव सांगा, बाई म्हणाल्या. मग नागम्माने टोमॅटो तव्यावर भाजले आणि मिरची, लसूण, शेंगदाणे घालून खलबत्त्यात कुटले. खिचडीवर चटणी पडली आणि पोरं हाशहुश करत बोटं चाटायला लागली.

तेवढ्यात जीप आली. सरांनी आधी कॅरेटकडे पाहिलं, मग झाडांकडे.

"माल कुठाय, म्याडम?"

"पोरांच्या ताटात. त्यांचाच होता, सर."

सरांचा चेहरा काळवंडला. साहेब काही चिडले नाहीत. त्यांना फोटो हवा होता. वाफ्यात फिरता फिरता त्यांना ते लाल फळ दिसलं. आहे की एक, म्हणाले, तोडा, हातात धरून फोटो घेऊ.

सर खाली वाकले. तोंडाला चटणी लागलेली शिवानी ताट टाकून मध्ये येऊन उभी राहिली.

"त्याला चिंधी हाय, सर."

"दिसतंय मला. बाजूला हो."

"बियाचं हाय. तोडायचं न्हाई."

बाकीची पोरंही उठली आणि खरकट्या हातांनीच तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली. बाईंनी कुणालाही मागे बोलावलं नाही. सरांनी पोरीच्या खांद्यावरून हात पुढे केला. तो चिंधीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सरही शेतकऱ्याच्याच घरात वाढलेले होते.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

सरांनी हात मागे घेतला.

"बियाचं हाय, साहेब."

मग फोटो न काढताच साहेब निघाले. जीपच्या मागच्या बाजूला परत टाकलेले दोन रिकामे कॅरेट एकमेकांवर आदळत होते. वेशीपर्यंत त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. तो पुरता थांबेपर्यंत शिवानी झाडापुढून हलली नाही.