पंख्याआड

चर्चमधल्या पोरांच्या सणाला, ‘मुलांच्या रविवारी’, नात पांढऱ्या फ्रॉकात चर्चच्या पायरीवर उभी राहिली, तशी लुपे म्हातारी फुलून गेली. “हुबेहूब आईचा चेहरा! आमच्या घराण्याचा शिक्काच! टाक गं फोटो नेटवर, जळू देत मेल्या!” तिने सुनेला फर्मावलं. नातीमागे तिची आई, लुपेची भाची सेफिना, झावळीच्या पंख्याआड तोंड झाकून उभी होती. ऑकलंडच्या मारकुट्या नवऱ्याला चुकवून ती पोटुशीच पळालेली, सामोआत मावशीकडे लपलेली. पोर झाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मुलांची पंगत उठण्याआधी सून फोन घेऊन धावत आली. “सासूबाई, मी नाव नव्हतं लिहिलं!” नातीच्या चेहऱ्याभोवती चौकट आखून फोनने आपणहून सगळ्यांपुढे विचारलं होतं, ‘ही सेफिना का?’ खाली ऑकलंडहून उत्तर: ‘तिचीच पोर. बाप मीच ना?’ लुपेने सेफिनाचा पंखा नातीच्या हाती दिला. “झाक बाळ, आपल्या घराण्याचा चेहरा आहे.”