बर्फाचे दोन डबे

“कडी पाण्यात सोडली की तासभर तिला काही विचारायचं नाही. विसावू दे. मग आपणहून बोलेल.”

हे काम शिकवणाऱ्या सरांचा हा आवाज बाईंच्या कानात एकतीस वर्षं होता. रक्तवाहिनीची इवलीशी कडी कापायची, कोमट खारट पाण्यात दोन तारांवर ताणून ठेवायची, वर औषधाचा थेंब सोडायचा आणि तिच्या भिंतीतला स्नायू किती आवळतो, किती सैलावतो ते टिपायचं. माणसाने न सांगता काम करणारा स्नायू. बाईंची सारी हयात त्याच्या चाकरीत गेली. पुढच्या महिन्यात निवृत्ती होती.

आज मात्र बाई कडीकडे बघत नव्हत्या. धाकटीच्या पाठीकडे बघत होत्या.

प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान विद्यार्थिनी, म्हणून ती धाकटी. तिचा लेख उद्या मासिकाकडे जायचा होता. त्यावर तिची पदवी अवलंबून आणि लेखाखाली बाईंचंही नाव. ‘बारा जनावरांच्या वाहिन्या तपासल्या,’ असं त्यात लिहिलं होतं. पण बाराही आलेख इतके सारखे, की जुळ्या बहिणीही त्यापेक्षा वेगळ्या दिसाव्यात. जनावरागणिक स्नायूचा स्वभाव बदलतो. एक तापट, तर दुसरा ढिम्म. बारा जण एका सुरात गातील कसे? बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

त्यात सकाळी प्रयोगशाळेतले शिपाईमामा बोलून गेले. कत्तलखान्यातून वाहिनी आणायचं काम त्यांचं. बर्फाच्या एका डब्यात एकाच जनावराची वाहिनी. “बाई, हल्ली बसवून पगार देताय का मला? दोन महिन्यांत दोन डबे आणलेत. सायकल गंजली माझी.”

डबे दोन आणि जनावरं बारा. कुठंतरी पाणी मुरत होतं.

“धाकटे,” बाईंनी हाक मारली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “बाकीची दहा जनावरं स्वतःच्या पायांनी चालत आली का गं?”

धाकटी वळली. हातात चिमटा तसाच. “कुठली दहा?”

“लेखात बारा आहेत. मामांनी आणली दोन.”

“हो, दोनच. पण प्रत्येकाच्या सहा-सहा कड्या कापल्या ना. सहा दुणे बारा.”

इतकं सरळ सांगितलं, की तिच्या चेहऱ्यावर चोरी शोधूनही सापडेना. बाईंचा संशय त्यानेच वाढला. मुरलेली दिसते पोरगी.

“एकाच माणसाच्या सहा बोटांतून रक्त काढलं, तर रोगी सहा होतात?”

धाकटीचे ओठ हलले, मोजल्यासारखे. मग चेहऱ्यावरचा रंग उतरला. चिमटा तिने हळूच खाली ठेवला.

“बाई, मी तुमच्याच वहीवरून शिकले. पहिल्या.”

“माझ्यावर ढकलू नकोस.”

“ढकलत नाही. निळी वही. तुम्हीच म्हणालात, आधी ती वाच, मग हाताला काम लाव.”

बाई उठल्या. त्या वहीतूनच त्यांचा पहिला लेख निघाला होता. त्या लेखाने त्यांचं नाव झालं. त्यातला आलेख मुलं आजही परीक्षेत काढतात. कपाटाला किल्ली लावतानाही त्यांच्या मनात आलं, हिने पानात काही खाडाखोड केली असली तर?

पान जसंच्या तसं होतं. शाई त्यांची, अक्षर त्यांचं. ‘सकाळी एक डबा आला. कड्या सहा.’ आणि खाली तक्त्यात, ठसठशीत अक्षरांत, ‘जनावरं सहा.’ त्यांनी पान उलटलं. पुन्हा एक डबा, पुन्हा सहा. असे चार डबे. छापलेल्या लेखात जनावरं चोवीस होती. तो आकडा त्यांनी इतक्या भाषणांत सांगितला होता, की झोपेतून उठवलं तरी तोंडातून निघाला असता.

आपला तो बाब्या, बाईंना वाटलं, आणि पुढची म्हण त्यांनी मनातसुद्धा पुरी केली नाही.

कोपऱ्यात पाण्यातून हवेचे बुडबुडे येत होते. 

“माझ्या लेखाचं काय होणार?” धाकटीने विचारलं.

“थांबेल. दहा डबे आणखी येतील. मामांची सायकल वंगण मागेल. तुझी पदवी लांबेल, पण जाणार नाही.”

“आणि तुमच्या लेखाचं?”

बाईंनी वही मिटली. पुन्हा उघडली.

“मासिकाला पत्र जाईल, जनावरं चोवीस नव्हती, चारच होती म्हणून. आजच. तुझा लेख थांबवण्याच्या आधी माझं पत्र. शब्द देते.”

“पाठवाल?”

एवढंच. आगाऊपणा नाही, टोमणा नाही. पण सकाळपासून बाई तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर आता धाकटीच्या डोळ्यांत होती. बाईंना रागवायचं होतं. जमलं नाही.

त्यांनी संगणकासमोर स्टूल ओढलं आणि पडदा थोडा कलता केला, धाकटीच्या जागेवरून दिसेल इतका. ‘संपादक महोदय,’ त्यांनी टाइप केलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. धाकटी मागे येऊन उभी राहिली आणि वाचू लागली. बाईंनी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.