गाळून खाणारा मासा

लेक व्हेल शार्कचा अभ्यास करायची. लग्नाचं पक्कं करण्याआधी तिने आपल्या मित्राला आणि आईबाबांना समुद्रात नेलं. "तोंड दाराएवढं असलं तरी तो पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातो. माणसाच्या वाटेला जात नाही," असं तिने सगळ्यांना आधीच समजावलं होतं. चौघं लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरली. थोड्या वेळाने खालून बसएवढा मासा वर आला आणि जबडा उघडून थेट त्यांच्याच दिशेने निघाला. लेक हरखून बघत राहिली. वळून पाहिलं, तर शेजारी कुणीच नाही.

बोटीवर चढल्या चढल्या ती आईच्या कानाशी लागली. "हे लग्न होणार नाही. मला तिथेच टाकून पळाला."

आईचे दात अजून वाजत होते. "पळाला खरा. पण तुला पोहता येतं, मला येत नाही. माझं जॅकेट धरून मला ओढत घेऊन आला."

"म्हणून काय झालं? भित्रा तो भित्राच."

"असू दे," आई म्हणाली. "आम्ही दोघं वर आलो, तेव्हा तुझे बाबा डोकं पुसून चहा पीत बसले होते."