फोनबरोबर आलेला

"तुझा ब्राउझर छान चालतो गं, फक्त जाहिराती तेवढ्या कमी कर," मी केतकीला म्हणालो.

लेकीने तीन वर्षं खपून, दोन मैत्रिणींना सोबत घेऊन तो बनवला होता. आता एक बडी कंपनी तो विकत घेऊन बंद करायला निघाली होती. होकार की नकार, हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तिने नकार द्यावा म्हणून मी सकाळपासून धीर गोळा करत होतो. मला असलं बोलायला लवकर जमत नाही.

"माझ्यात जाहिराती नाहीतच, बाबा. बघू फोन."

तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. "अहो, हा फोनबरोबर आलेला आहे! माझा इथे, शेवटच्या पानावर पडलाय. एकदाही उघडलेला नाही."

"असं कसं? वाचनालयाच्या ग्रुपवरचा लेख दाबला की हाच उघडतो."

"तेच तर. तुम्ही दाबता, तो उघडतो. दुसरा शोधायची वेळच येत नाही."

"मग बदलून दे ना. आत्ता दे."

"तुमचा देते हो. पण घरोघरी जाऊन कुणाकुणाचा बदलू?" तिचं हसू विरलं. "तुम्ही तर माझे बाबा. तुम्हालाही कळलं नाही."

तिने माझ्या फोनवरचा ब्राउझर बदलून दिला, मग आपला लॅपटॉप उघडून होकार लिहायला घेतला. मला तिला थांबवायचं होतं. पण कुठल्या तोंडाने?