चाळणीची वीण

मिनल उंदरांना जे अँटिऑक्सिडंट देऊन मूत्रपिंडाची चाळणी वाचवत होती, तेच तिच्या वडिलांना हवं होतं. मधुमेहानं त्यांच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती. नागपूरच्या प्रयोगशाळेत त्यांना बसवून तिनं संगणकावर चाळणीचे दोन फोटो लावले. उमरेडला चाळीस वर्षं हातमाग चालवलेले बाबा वाकून पाहू लागले. "ही वीण चांगली आहे. दुसरीचे धागे चिपकले वं." "पहिल्या उंदराले औषध भेटलं होतं, बाबा." "मंग मले काहून देत नाही?" माणसांवर चाचणी झालेली नाही, एवढं सांगून तिला सुटता आलं असतं, पण तिनं खरं सांगितलं. "त्याले चाळणी बिघडायच्या आधी देलं होतं. दुसऱ्याले बिघडल्यावर." बाबांनी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "म्हंजे याले रफू नाही." त्यांनी मुलाला फोन लावला. "जितू, जेवला का गा? नाही? मंग नको जेवू. आधी शुगर तपासून ये."