सगळ्यांचे हात वर

"उत्तर येत असेल तर उजवा हात, नसेल तर डावा. पण वर सगळ्यांनी करायचा," हर्षदाने पाचवीच्या पोरांना आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. डी.एड.चा शेवटचा पाठ, मागच्या बाकावर परीक्षक. वर्ग ढिम्म बसला असता तर शोभाच झाली असती.

युक्ती चालली. जुन्या धड्यावरचा प्रश्न विचारला की हातांचं रान उभं राहायचं, ती उजवा हात हेरून उत्तर घ्यायची आणि परीक्षकांचा चेहरा खुलायचा.

मग तिने फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज शिकवली. तिच्या मते झकास शिकवली. "आता कोण सोडवणार?"

सगळ्यांचे हात वर गेले. सगळे डावे.

"वा! एकही मूल मागे नाही," म्हणत परीक्षकांनी 'उत्कृष्ट' असा शेरा मारला आणि ते निघून गेले.

हर्षदा खडू धरून तशीच उभी राहिली. दार लागलं तरी पोरांचे हात खाली येईनात.

"बाई, गेले ते," पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. "आता खरं शिकवा ना."