शनीहून येणारे फोटो

शनीकडे माणसांना घेऊन गेलेलं पहिलं यान चैत्रातच जळून गेलं. ती बातमी तेव्हाच आली, पण यानातून पाठवलेले फोटो वाटेतल्या उपग्रहात अडकले होते आणि आठवड्याला एक असे अजून येत होते. फोटो आला की मिरजेत फ्रेमचं दुकान चालवणारे जनार्दन सुतवणे त्या यानातून गेलेल्या मुलीच्या तसबिरीवरचा चंदनाचा हार काढून टाकत.

"अहो, किती वेळा काढाल तो?" त्यांची बायको सुमनताई म्हणायच्या.

"शाल्मलीचे फोटो येताहेत ना अजून? मग हार कसला घालतेस!"

आज अवकाश केंद्रातून फोन आला. "काका, हा शेवटचा. यान जळालं तेव्हा हाच पाठवला जात होता."

पडद्यावर फोटो वरून ओळीओळीने उमटू लागला. तरंगणारे केस आले, कपाळ आलं, डोळे आले, नाक आलं आणि तो थांबला. खाली नुसता काळोख उरला.

सुमनताईंना हल्ली धूसरच दिसायचं. "हसतेय ना हो?" त्यांनी विचारलं.

"हसतेय की."

जनार्दनांनी तो तसाच छापून फ्रेममध्ये बसवला, आणि बरोबर त्या काळ्या भागावर येईल असा हार स्वतःच्या हाताने घातला.